हिंदी वृत्तपत्रांची दोनशे वर्षे आणि भिलाईचा वाचक

पंडित जुगलकिशोर शुक्ल यांनी ३० मे १८२६ रोजी कलकत्त्यात 'उदन्त मार्तण्ड' हे हिंदीतील पहिले साप्ताहिक सुरू केले. त्या घटनेला २०२६ साली दोनशे वर्षे पूर्ण होतात. छत्तीसगडमध्ये हिंदी नियतकालिकाचा पाया घालणारे माधवराव सप्रे यांचे निधन २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे झाले. त्यांच्या स्मृतीची शताब्दीही त्याच वर्षात येते. सप्रे यांची मातृभाषा मराठी होती. या दोन तारखा एकत्र ठेवून पाहिल्या की हिंदी वृत्तपत्रांविषयीचा एक रूढ समज तपासून घ्यावासा वाटतो. हिंदी पत्रे हिंदी प्रदेशातील हिंदी भाषकांनी आपल्याच वाचकांसाठी काढली, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्ष इतिहास त्याहून बराच गुंतागुंतीचा आहे आणि भिलाईसारख्या औद्योगिक नगरात तो आजही डोळ्यांना दिसतो.

देशाच्या जवळपास प्रत्येक प्रांतातून आलेल्या माणसांनी भिलाई वसवली. या माणसांच्या घरात बंगाली, तेलुगू, मल्याळम, ओडिया, पंजाबी, भोजपुरी किंवा मराठी बोलली जात असे. दारात पडणारे वृत्तपत्र मात्र बहुतांशी हिंदी असे. ज्यांची ती मातृभाषा नव्हती, त्यांचीही ती वाचनाची भाषा झाली. ही प्रक्रिया कशी घडली, तिने वाचकाला काय दिले आणि त्याच्यापासून काय दूर ठेवले, हे पाहणे महाराष्ट्रातील वाचकालाही उपयोगाचे आहे. आपल्याकडील जिल्हा आवृत्त्यांचा इतिहास याच वाटेने गेला आहे.

परमुलुखातील आरंभ

'उदन्त मार्तण्ड'ची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. कलकत्त्यात छापखाने होते, पण हिंदी वाचक शेकडो मैल दूर होता. पत्र त्याच्यापर्यंत टपालानेच पोहोचणार होते आणि टपालखर्चात सवलत देण्यास सरकारने नकार दिला. वर्गणीदार जमले नाहीत, कोणी धनिक आश्रयदाता पुढे आला नाही आणि डिसेंबर १८२७ मध्ये पत्र बंद पडले. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' त्यानंतर चार वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. मुंबईत मराठी वाचक पायाशीच होता, हा दोहोंमधील मोठा फरक. हिंदीतील पहिले दैनिक मानले जाणारे 'समाचार सुधावर्षण' हेही १८५४ साली कलकत्त्यातच, हिंदी आणि बंगाली अशा दोन भाषांत निघाले.

छापखाना एकीकडे आणि वाचक दुसरीकडे, ही अडचण हिंदी पत्रांनी पुढे जवळपास शतकभर सोसली. छत्तीसगडचा अनुभव तर अगदी हाच आहे.

पेंड्राचे मासिक

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यात पथरिया येथे झाला. शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले. सरकारी नोकरीची वाट त्यांनी धरली नाही. पेंड्रा या लहानशा जमीनदारीत राजकुमारांचे शिक्षक म्हणून काम करीत असताना, जानेवारी १९०० मध्ये त्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक आणि वामन बळीराम लाखे हे प्रकाशक होते. छत्तीसगडच्या पहिल्या हिंदी नियतकालिकामागची ही तिन्ही माणसे मराठी घरांतली होती.

पेंड्रात छापखाना नव्हता. मासिक प्रथम रायपूरला व नंतर नागपूरला छापून घ्यावे लागे. वर्गणी भरणारे थोडे आणि थकवणारे अधिक, हा त्या काळातील सर्वच नियतकालिकांचा भोग याच्याही वाट्याला आला. तीन वर्षे पूर्ण करून डिसेंबर १९०२ मध्ये ते थांबले. परंतु तेवढ्या अवधीत सप्रे यांनी गंभीर ग्रंथपरीक्षणाचा परिपाठ हिंदीत रुजवला. त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा १९०१ साली याच मासिकात आली. हिंदीतील पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते. एका विधवेची झोपडी गिळू पाहणाऱ्या जमीनदाराची ती गोष्ट एका जमीनदारीच्या गावातून निघणाऱ्या मासिकात छापली गेली, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे सप्रे नागपूरला आले. टिळकांच्या 'केसरी'चा विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्यासाठी १३ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी 'हिंदी केसरी' सुरू केला. हे केवळ भाषांतराचे काम नव्हते. मध्य प्रांताची राजधानी नागपूर आणि प्रांत द्विभाषिक, अशा स्थितीत मराठी राजकारणाचे हिंदी रूप तेथेच घडणे स्वाभाविक होते. सरकारनेही त्याची दखल घेतली. टिळकांना २४ जून १९०८ रोजी अटक झाली आणि ऑगस्टमध्ये सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. नागपूरच्या 'देशसेवक'चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावरही त्याच काळात खटला झाला.

यानंतरचा प्रसंग चरित्रकारांना अवघड वाटत आला आहे. वडील बंधूंनी जीव देण्याची भाषा केल्याने सप्रे यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. त्या सहीचे शल्य त्यांनी आयुष्यभर बाळगले. काही काळ ते विरक्तासारखे राहिले आणि रामदासी परंपरेतील श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सहवासात 'दासबोधा'कडे वळले. 'दासबोधा'चा हिंदी अनुवाद या कालखंडातून आला. पुढे टिळकांच्या 'गीतारहस्या'चा आणि चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा अनुवादही त्यांनीच केला. हिंदी वाचकाने टिळकांची गीता वाचली ती सप्रे यांच्या शब्दांत. माफीपत्राचा डाग त्यांच्या नावावर ठेवणाऱ्यांनी ही फेडही हिशेबात धरावी, असे आम्हास वाटते. १९२० मध्ये जबलपूरहून निघालेल्या 'कर्मवीर' या साप्ताहिकामागेही त्यांची प्रेरणा होती. त्याचे संपादन माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे होते.

सप्रे हा अपवाद नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. वाराणसीत ५ सप्टेंबर १९२० रोजी सुरू झालेल्या 'आज' या दैनिकाला आकार देणारे बाबूराव विष्णू पराडकर, 'भारतमित्र'चे संपादक लक्ष्मण नारायण गर्दे आणि स्वातंत्र्यानंतर इंदूरच्या 'नई दुनिया'ला प्रतिष्ठा मिळवून देणारे राहुल बारपुते हे सर्व मराठी भाषक होते. 'राष्ट्रपती' हा शब्द रूढ करण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते.

नागपूर ते रायपूर

३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत छत्तीसगडची राजधानी नागपूर होती. त्यामुळे छत्तीसगडविषयीच्या बातमीचे केंद्रही नागपूरच होते. रामगोपाल माहेश्वरी यांचे 'नवभारत' नागपुरात वाढले आणि तेथून मध्य प्रदेशात पसरले. गजानन माधव मुक्तिबोध काही वर्षे नागपूर आकाशवाणीत आणि नंतर 'नया खून' या साप्ताहिकात होते. १९५८ साली ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून गेले. राजनांदगाव हे दुर्ग-भिलाईच्या शेजारचेच शहर. हिंदीच्या आधुनिक कवितेचे हे मोठे नाव घरात मराठी बोलणारे होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत लिहिले. एकाच घरातून दोन भाषांना दोन लेखक मिळाले, ते त्या प्रांतरचनेमुळे.

राज्य पुनर्रचनेनंतर राजधानी भोपाळला गेली. नागपूर महाराष्ट्राच्या वाटेला गेले आणि छत्तीसगडला स्वतःच्या वृत्तपत्रांची निकड भासू लागली. रायपूरला 'महाकोशल' हे दैनिक तत्पूर्वीच सुरू झाले होते. खरे वळण आले ते १९५९ साली.

सोव्हिएत संघाशी झालेल्या २ फेब्रुवारी १९५५ च्या करारातून उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, १७ एप्रिल १९५९ रोजी, मायाराम सुरजन यांनी रायपूरहून दैनिक सुरू केले. आरंभी त्याचे नाव 'नई दुनिया' होते. पुढे ते 'देशबंधु' या नावाने ओळखले जाऊ लागले. 'नवभारत'ची रायपूर आवृत्तीही त्याच सुमाराची. भट्टी आणि छापखाना एकाच वर्षी पेटले, असे म्हणता येईल.

ही निव्वळ जुळून आलेली तारीख नाही. भिलाईत नियमित पगार असलेला, साक्षर आणि आपल्या गावापासून दूर आलेला हजारोंचा वर्ग एकाच ठिकाणी गोळा झाला होता. त्याला नोकरभरती, कामगार संघटना, वेतन करार, रेल्वे, शाळा यांच्या बातम्या हव्या होत्या. त्या कोलकात्याच्या बंगाली वा विजयवाड्याच्या तेलुगू पत्रात येणे शक्य नव्हते. तीस किलोमीटरवरच्या रायपूरहून पहाटे निघालेले हिंदी पत्र पहिल्या पाळीच्या आसपास सेक्टरमधल्या घरांत पोहोचू शकत होते. बाजाराची भाषा हिंदी, कारखान्यातील संपर्काची भाषा हिंदी आणि मुलांच्या शाळेतही हिंदी. मातृभाषेचे वृत्तपत्र उशिरा येणार, तेही दूरच्या जगाचे. वाचकाने निवड केली ती भाषेपेक्षा बातमीची.

मायाराम सुरजन आणि त्यांच्यानंतर ललित सुरजन यांच्या काळात 'देशबंधु'ने ग्रामीण वार्तांकनाची एक परंपरा घडवली. त्यासाठी 'स्टेट्समन'चे ग्रामीण वार्तांकनाचे पुरस्कार या पत्राच्या वार्ताहरांना अनेकदा मिळाले. मायाराम सुरजन यांचे १९९४ मध्ये, तर ललित सुरजन यांचे डिसेंबर २०२० मध्ये निधन झाले. खपाच्या शर्यतीत हे पत्र मागे पडले, हे मान्य करूनही असे म्हणावे लागेल की दुष्काळ, स्थलांतर आणि बस्तर यांच्याविषयी रायपूर-भिलाईच्या वाचकाला जे गंभीरपणे कळले, त्यात या पत्राचा वाटा मोठा होता.

जिल्ह्याची भिंत

देशाच्या पातळीवर १९७९ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. हिंदी दैनिकांच्या एकत्रित खपाने त्या वर्षी प्रथमच इंग्रजी दैनिकांच्या खपाला मागे टाकले. आणीबाणीनंतरची राजकीय उत्सुकता, वाढती साक्षरता आणि ऑफसेट छपाई अशी अनेक कारणे एकत्र आली होती. रॉबिन जेफ्री या अभ्यासकाने भारतीय भाषांतील पत्रांच्या या वाढीचा सविस्तर अभ्यास केला आहे. तेलुगू 'ईनाडु'ने दाखवलेली जिल्हा पानांची वाट हिंदीने पुढे मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. 'दैनिक भास्कर'ने १९९६ मध्ये जयपूरमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी घरोघरी जाऊन वाचकांची पाहणी केली आणि वृत्तपत्र विकण्याची पद्धतच बदलली.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाली. त्यानंतरच्या दशकात 'हरिभूमि', 'नई दुनिया', 'पत्रिका' या बाहेरच्या समूहांनी येथे आवृत्त्या काढल्या. किंमत कमी, पाने अधिक, भेटवस्तूंच्या योजना आणि दुर्ग-भिलाईसाठी स्वतंत्र पाने, असे स्पर्धेचे स्वरूप झाले.

वाचकाचा यात निश्चित लाभ झाला. सुपेला बाजारातील अतिक्रमण, खुर्सीपारचे पाणी, सेक्टरमधल्या शाळेचा निकाल, शिवनाथ नदीचे प्रदूषण, हे सारे छापून येऊ लागले. ज्याचे नाव पूर्वी मृत्यूनंतरही वृत्तपत्रात आले नसते, त्याचे छायाचित्र आले. सेवंती निनान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हिंदी प्रदेशातील या स्थानिकीकरणाचे विवेचन केले आहे. नागरिकाला आवाज मिळाल्याची नोंद त्या घेतात. बातमी, जाहिरात आणि वितरण एकाच माणसाच्या गळ्यात पडल्याचेही त्या दाखवतात.

तोट्याची बाजू मात्र पटकन ध्यानात येत नाही. आवृत्ती जितकी स्थानिक, तितकी बातमी तिच्या सीमेत अडकते. भिलाईच्या पानावरील अपघात बिलासपूरला कळत नाही. बस्तरमधील घटना भिलाईच्या वाचकाला चार ओळींत दिसते. राज्य एक, पत्र एक, पण वाचकांचे कप्पे वेगळे. महाराष्ट्रात गडचिरोलीची बातमी पुणे आवृत्तीत शोधणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. प्रशासनाला मात्र ही व्यवस्था सोयीची असते. एका जिल्ह्यातला असंतोष त्याच जिल्ह्यातल्या पानावर वाचला जातो आणि तेथेच विरतो.

भिलाईची कसोटी

या मर्यादांची कसोटी भिलाईतच लागली होती, तीही स्थानिक पानांचा सुकाळ होण्यापूर्वी. दल्ली-राजहराच्या लोहखाणींत १९७७ पासून कंत्राटी कामगारांची संघटना बांधणारे शंकर गुहा नियोगी यांनी १९९० च्या सुमारास भिलाईतील खाजगी कारखान्यांकडे लक्ष वळवले. किमान वेतन, कायम नोकरी, संघटनेचा हक्क अशा मागण्या होत्या. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत ते झोपेत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवरहाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

हत्येच्या खटल्यात सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये दोन उद्योजकांसह सहा जणांना दोषी ठरवले. उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सर्वांना मुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये केवळ प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्यालाच दोषी ठरवले. चौदा वर्षे चाललेला हा प्रवास देशातील वाचकाने तुकड्यातुकड्यांनी वाचला. भिलाईच्या वाचकाला मात्र तो रोजच्या पत्रात, ओळखीच्या रस्त्यांच्या आणि कारखान्यांच्या नावांसह वाचावा लागला. आंदोलनाची पत्रके, सभांचे वृत्तांत, मालकांची निवेदने आणि पोलिसांचे खुलासे हे सर्व हिंदीत होते. पश्चिम बंगालमधून आलेल्या नियोगींनी संघटना बांधली ती हिंदी आणि छत्तीसगढ़ीत. वादाची दोन्ही टोके एकाच भाषेत मांडली जात असताना ती भाषा छापणाऱ्या वृत्तपत्राची जबाबदारी किती वाढते, हे त्या वर्षांनी दाखवून दिले.

प्रभावाचा दुसरा चेहराही त्याच काळातला आहे. १९९० च्या अयोध्या आंदोलनाच्या वेळी उत्तर प्रदेशातील काही हिंदी दैनिकांनी प्रक्षोभक आणि असत्य मजकूर छापल्याबद्दल भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्यांच्यावर ठपका ठेवला. खप वाढला म्हणजे विश्वासार्हता वाढली असे नव्हे, हा धडा तेव्हा मिळाला. तो कितपत घेतला गेला, याविषयी शंका आहे.

पैसा कोणाचा

वृत्तपत्राची प्रत छपाईच्या खर्चापेक्षा कमी दरात विकली जाते. उरलेला पैसा जाहिरातीतून येतो. छत्तीसगडसारख्या राज्यात मोठे जाहिरातदार तीन : राज्य सरकार, खाण-पोलाद-वीज क्षेत्रातील उद्योग आणि घरबांधणी व्यावसायिक. यांपैकी प्रत्येकाविषयी बातमी देण्याची वेळ वारंवार येते. त्यात मालकीचा प्रश्नही मिसळला आहे. भास्कर समूहाशी संबंधित डी. बी. पॉवर या कंपनीने जांजगीर-चांपा जिल्ह्यात १२०० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प उभारला. वृत्तसमूहाने उद्योगात जाणे बेकायदा नाही. पण कोळसा, जमीन आणि पाणी यांवरील बातमी वाचताना वाचकाला हा संबंध ठाऊक असला पाहिजे.

२००९ च्या लोकसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत 'जनसत्ता'चे संस्थापक संपादक प्रभाष जोशी अग्रभागी होते. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत मराठी पत्रांवरही तेच आक्षेप घेतले गेले. या बाबतीत दोन्ही भाषांची पत्रे एकाच पंगतीत बसली.

सर्वांत जास्त किंमत मोजतो तो तालुक्याचा वार्ताहर. त्याला वेतन नसते किंवा नाममात्र मानधन असते. जाहिरात आणली तर कमिशन मिळते. पत्रकारांसाठी मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या, तरी या वर्गापर्यंत त्यांचा लाभ क्वचितच पोहोचला. धोका मात्र पूर्ण वाट्याला येतो. 'दैनिक भास्कर'चे सुशील पाठक यांची डिसेंबर २०१० मध्ये बिलासपूर येथे, तर 'नई दुनिया'चे उमेश राजपूत यांची जानेवारी २०११ मध्ये छुरा येथे हत्या झाली. 'देशबंधु'साठी लिहिणारे साई रेड्डी यांना डिसेंबर २०१३ मध्ये विजापूर जिल्ह्यातील बासागुडा येथे माओवाद्यांनी मारले. त्यापूर्वी पोलिसांनी त्यांना माओवाद्यांचे साथीदार ठरवून तुरुंगात टाकले होते. विजापूरचेच मुकेश चंद्राकर यांचा मृतदेह ३ जानेवारी २०२५ रोजी एका कंत्राटदाराच्या आवारातील सेप्टिक टाकीत सापडला. त्यांनी रस्त्याच्या कामातील गैरव्यवहार उघड केला होता. छत्तीसगड विधानसभेने मार्च २०२३ मध्ये माध्यमकर्मी संरक्षण विधेयक संमत केले होते. चंद्राकर यांची हत्या त्यानंतरची आहे.

मुकेश चंद्राकर हे छापील पत्राचे नव्हे, स्वतःच्या यूट्यूब वाहिनीचे पत्रकार होते, ही बाबही बोलकी आहे. जिल्ह्याच्या पानाची भिंत ओलांडण्यासाठी तरुण वार्ताहर आता कागद सोडत आहेत. भिलाईतील तिसरी पिढी बातमी भ्रमणध्वनीवर वाचते आणि तीही प्रामुख्याने हिंदीतच.

भाषेची एक गोष्ट मात्र अद्याप सुटलेली नाही. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगढ़ी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १ कोटी ६२ लाख लोक हिंदीच्या आकड्यात मोजले गेले. राज्य विधानसभेने २८ नोव्हेंबर २००७ रोजी तिला राजभाषेचा दर्जा दिला. बाहेरून आलेल्या मराठी, बंगाली, तेलुगू माणसाने हिंदी पत्र स्वीकारले ते सोय म्हणून, आणि त्याची मूळ भाषा दुसरीकडे दैनिकांतून छापली जातच राहिली. दुर्ग आणि बालोदच्या खेड्यांतून भिलाईत कंत्राटी कामाला येणाऱ्या मजुराला तशी दुसरी जागा नाही. त्याची भाषा त्याला वृत्तपत्रात भेटते ती बहुधा आठवड्यातून एकदा, पुरवणीच्या एका पानावर.